काटा १४.७ वर, टाकीत ई-२०

गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. मोहाची हातभट्टी सापडली की पोलिस सडवा जमिनीवर ओततात आणि दुसऱ्या दिवशी त्याची बातमी छापून येते. त्याच जिल्ह्यातल्या पेट्रोल पंपावर गाडीत पाच लिटर पेट्रोल भरले, तर त्यातले सुमारे एक लिटर अल्कोहोल असते. ते इथेनॉलच, दारूत असते तेच रसायन. फक्त त्यातले पाणी जवळजवळ पूर्ण काढलेले असते आणि ते पिण्यास अयोग्य केलेले असते. शेजारच्या चंद्रपुरात १ एप्रिल २०१५ ला लागू झालेली बंदी २०२१ मध्ये उठली. टाकीतल्या अल्कोहोलला मात्र दोन्ही जिल्ह्यांत कधीच आडकाठी नव्हती.

पेट्रोलमध्ये अल्कोहोल मिसळायची कल्पना आपल्याकडे जुनीच. १९४८ मध्येच ‘पॉवर अल्कोहोल’चा केंद्रीय कायदा झाला होता. आजचा कार्यक्रम २००३ मध्ये पाच टक्क्यांपासून सुरू झाला आणि बरीच वर्षे रेंगाळला. २०१४ च्या सुमारास देशातले सरासरी मिश्रण जेमतेम दीड टक्का होते. पुढे वेग असा वाढला की जून २०२२ मध्ये दहा टक्क्यांचा टप्पा गाठला, फेब्रुवारी २०२३ मध्ये बेंगळुरूत ई-२० चे, म्हणजे वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलचे, उद्घाटन झाले आणि २०२५ मध्ये वीस टक्के हा देशभरचा नियम होऊन बसला. मग चौकाचौकांत तक्रारी सुरू झाल्या. कुणाचा अ‍ॅव्हरेज पडला, कुणाचा पिकअप गेला, कुणाची गाडी सकाळी ‘मिसिंग’ करू लागली. ई-२० विरुद्धची याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ ला फेटाळली. तक्रारी गॅरेजात चालूच राहिल्या.

गॅरेजातल्या या वादात एक उपकरण हमखास पुढे येते. हौशी चालक आणि ट्यूनिंग करणारे मेकॅनिक डॅशबोर्डवर हवा-इंधन प्रमाण दाखवणारा गोल काटा बसवतात, म्हणजे एअर-फ्युएल मीटर. इंजिनात एक किलो इंधनामागे किती किलो हवा गेली, ते तो दाखवतो असे समजले जाते. शुद्ध पेट्रोलसाठी आदर्श आकडा १४.७. हवा त्याहून जास्त असेल तर मिश्रण ‘लीन’, कमी असेल तर ‘रिच’. इथवर सगळ्यांना ठाऊक असते. गोंधळ त्यानंतर, इथेनॉल टाकीत आल्यावर होतो.

पेट्रोल म्हणजे कार्बन आणि हायड्रोजन. ते पूर्ण जळायला लागणारा सगळा ऑक्सिजन बाहेरच्या हवेतून घ्यावा लागतो. इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन आधीच बसलेला असतो, वजनाच्या जवळजवळ ३५ टक्के. त्यामुळे त्याला हवा कमी पुरते: एक किलोला फक्त नऊ किलो. दोन्हींच्या मिश्रणाचा आदर्श आकडा मधे कुठेतरी पडतो. ई-१० साठी तो सुमारे १४.१, ई-२० साठी सुमारे १३.५ आणि ई-८५ साठी सुमारे ९.८.

आता समजा चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल किंवा सिंदेवाहीच्या एखाद्या गॅरेजात गाडी आली. टाकीत ई-२०, इंजिन गरम, गाडी निवांत चालू आणि काटा १४.७ वर. चालकाने कुठेतरी वाचलेले असते की ई-२० ला १३.५ हवेत. तो म्हणतो, “काटा चौदा पॉइंट सात दाखवते, म्हणजे गाडी लीन चालून राहिली. पेट्रोल वाढवा.” मेकॅनिकने त्याचे ऐकले, तर चांगली चालणारी गाडी बिघडते.

कारण हवा किंवा इंधन यांतले काहीच तो काटा मोजत नाही. त्याचा सेन्सर बसतो सायलेन्सरच्या वाटेवर, इंजिनातून धूर बाहेर पडतो तिथे. जाणती गृहिणी चुलीच्या धुरावरून लाकूड ओले की सुके ते ओळखते, तसा हा सेन्सर जळून झालेल्या वायूत किती ऑक्सिजन उरला ते पाहतो. ऑक्सिजन उरला तर हवा जास्त होती. ऑक्सिजन संपून न जळलेले इंधन उरले तर हवा कमी पडली. या तपासणीचे उत्तर एका गुणोत्तरात येते. त्याला लॅम्डा म्हणतात. लॅम्डा एक म्हणजे त्या इंधनाला हवी तेवढीच हवा मिळाली, मग इंधन पेट्रोल असो, ई-२० असो की निव्वळ इथेनॉल. मीटरच्या आतले सर्किट या लॅम्डाला सरळ १४.७ ने गुणते आणि गुणाकार काट्यावर दाखवते, कारण मीटर बनवणाऱ्याने पेट्रोल गृहीत धरलेले असते.

म्हणून ई-२० वर चालणाऱ्या गाडीचा काटा १४.७ दाखवत असेल, तर ज्वलन नेमके बरोबर चालले आहे. इंजिनातले खरे प्रमाण त्या वेळी १३.५ असते, काट्याला ते कळत नाही आणि कळायची गरजही नाही. ई-८५ वर चालणाऱ्या गाडीतही आदर्श स्थितीत तोच काटा १४.७ च दाखवेल, जरी आत ९.८ असले तरी. काही मीटरांत इंधन निवडायची सोय असते. तिथे ‘इथेनॉल’ निवडले की नऊच्या हिशेबाने आकडे येतात आणि दोन मित्रांच्या दोन मीटरांवर दोन वेगळे आकडे दिसून नवे भांडण सुरू होते. त्यापेक्षा मीटर लॅम्डावर ठेवलेला बरा. ०.८५, १.००, १.०९ हे आकडे इंधन बदलले तरी आपला अर्थ बदलत नाहीत.

सेन्सरचा इतिहासही फार लांबचा नाही. बॉश कंपनीचा लॅम्डा सेन्सर पहिल्यांदा १९७६ मध्ये, अमेरिकेत कॅलिफोर्नियात विकल्या जाणाऱ्या व्होल्वो गाड्यांत बसला. तो ‘नॅरोबँड’ होता आणि आजही बऱ्याच गाड्यांत तोच असतो. त्याच्या तारेवर ०.१ ते ०.९ व्होल्ट एवढाच खेळ असतो. लीन असेल तर खाली, रिच असेल तर वर, आणि मधल्या ०.४५ पाशी झटकन उडी. किती लीन, किती रिच हे त्याला सांगता येत नाही. त्याला जोडलेला रंगीत दिव्यांचा स्वस्त मीटर सारखा नाचत राहतो. ते नाचणे हा बिघाड नव्हे. गाडीचा कॉम्प्युटर इंधन किंचित वाढवत आणि किंचित कमी करत मध्यबिंदूभोवती खेळतो, म्हणून तो नाचतो. आकडा हवा असेल तर ‘वाइडबँड’ सेन्सर लागतो. त्याच्या आत ऑक्सिजन ओढणारा-सोडणारा एक सूक्ष्म पंप आणि सुमारे ७८० अंशांपर्यंत तापवणारा हीटर असतो. सेन्सर तापेपर्यंतचा आकडा मोजू नये. डिसेंबरात ताडोब्याच्या मोहर्ली गेटवर पहाटेच्या थंडीत जिप्सी सुरू केली, तर पहिली काही मिनिटे इंजिन मुद्दाम रिच चालवले जाते. तेव्हाचा काटा पाहून निदान करणे व्यर्थ.

जिप्सीचे नाव निघालेच आहे, तर तिच्यापाशी थोडे थांबायला हवे. ताडोब्याची सफारी आणि मारुती जिप्सी हे समीकरण अनेक वर्षांचे. १९८५ मध्ये बाजारात आलेली ही गाडी सुरुवातीला कार्बोरेटरवर चालायची. इंजेक्टरचे एमपीएफआय इंजिन नंतर आले. इथेनॉलच्या बाबतीत या दोन पिढ्यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. गडचिरोलीच्या आडरस्त्यांवर धावणाऱ्या मोटरसायकलींचेही तसेच. एप्रिल २०२० ला बीएस-६ नियम आले, तेव्हापासूनच्या बहुतेक मोटरसायकलींत इंजेक्टर आणि ऑक्सिजन सेन्सर आहे. त्याआधीच्या बहुतेक अजून कार्बोरेटरवर आहेत.

कार्बोरेटरला इंधन ओळखता येत नाही. जेटचे छिद्र ठरलेले, त्यातून ठरलेल्या मापाने जे येईल ते जाणार. शुद्ध पेट्रोलवर काटा बरोबर १४.७ वर येईल अशी जुळवलेली गाडी, काहीही न बदलता ई-२० वर चालवली, तर लॅम्डा १.०९ होतो आणि काटा सुमारे १६ दाखवतो. म्हणजे नऊ टक्के लीन. ई-१० वर जुळवलेली असेल तर फरक निम्मा, काटा १५.४ च्या आसपास. उतारावर किंवा सपाट रस्त्यावर हे खपून जाते. चढावर, सहा पर्यटक बसलेले असताना, गाडी अडखळते. इथे मीटर खरोखर कामाचा आहे. इंधन नऊ टक्के वाढवायला छिद्राचे क्षेत्रफळ नऊ टक्के वाढवावे लागते, म्हणजे व्यास साडेचार टक्के. १.१० मिलिमीटरची जेट असेल तर १.१५ ची. फरक केसाएवढा. तो डोळ्यांनी किंवा प्लगच्या रंगावरून ठरवण्यापेक्षा काट्यावरून ठरवलेला कधीही चांगला. पण घाईही नको. जुन्या कार्बोरेटरच्या गाड्या बऱ्याचदा मुळातच रिच लावलेल्या असतात. काटा पेट्रोलवर १३.२ दाखवत असेल, तर ई-२० वर तो १४.४ होतो आणि तिथे जेटला हात लावायचे कारण उरत नाही.

इंजेक्टरच्या गाडीत गोष्ट वेगळी. तिथे कॉम्प्युटर सेन्सरचे ऐकतो, लीन दिसले की इंजेक्टर थोडा जास्त वेळ उघडा ठेवतो आणि लॅम्डा पुन्हा एकवर आणतो. त्यामुळे काटा आधी १४.७ वर होता आणि ई-२० आल्यावरही १४.७ वरच राहतो. ‘बघा, काहीच फरक नाही’ असे म्हणून मालक खूश होतो. फरक झालेला असतो, फक्त दुसरीकडे. तो पाहायला गाडीच्या दोष-निदानाच्या ओबीडी सॉकेटला स्कॅनर लावून ‘फ्युएल ट्रिम’ हा आकडा वाचावा लागतो. मूळ हिशेबापेक्षा कॉम्प्युटर किती टक्के इंधन जास्त किंवा कमी देत आहे, ते त्यातून कळते. ई-१० वर शून्याजवळ असलेली गाडी ई-२० वर अधिक चार-पाच टक्के दाखवेल. शुद्ध पेट्रोलसाठी बनलेली आठ-नऊ टक्के. हे नॉर्मल आहे. ट्रिम वीस-पंचवीसच्या घरात गेले तर कॉम्प्युटर हात टेकतो, चेक इंजिनचा दिवा लागतो आणि स्कॅनरवर पी-०१७१, म्हणजे ‘मिश्रण फार लीन’ असा कोड येतो. वीस टक्के इथेनॉल एकटे एवढे करत नाही. तेव्हा तुंबलेले फिल्टर, थकलेला पंप किंवा फाटलेला व्हॅक्यूम पाइप शोधावा. सध्या सगळा दोष ई-२० च्या माथी मारायची सवय लागली आहे, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

अ‍ॅव्हरेज पडतो ही तक्रार मात्र खोटी नाही. एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश ऊर्जा असते. पाचवा भाग इथेनॉल म्हटले की हिशेबाने साडेसहा टक्क्यांच्या आसपास घट येते. नीती आयोगाच्या जून २०२१ च्या अहवालातही शुद्ध पेट्रोलसाठी बनलेल्या आणि ई-१० साठी जुळवलेल्या चारचाकींना सहा-सात टक्के, तशाच दुचाकींना तीन-चार टक्के, तर ई-२० साठी जुळवलेल्या चारचाकींना एक-दोन टक्के घट सांगितली आहे. काटा १४.७ वर असतानाही ही घट होणारच. ज्वलन बरोबर असणे वेगळे आणि इंधनात दम असणे वेगळे.

पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर हिशेब बदलतो. त्या वेळी कॉम्प्युटर लॅम्डा एकचा हट्ट सोडतो आणि इंजिन थंड राहावे, ताकद मिळावी म्हणून मिश्रण रिच करतो. पेट्रोलवर साधारण ०.८५ ते ०.९ लॅम्डा, म्हणजे काट्यावर १२.५ ते १३.२. इथेनॉल जास्त असलेल्या इंधनावर ट्यूनर आणखी खाली, ०.८ पर्यंत जातात. पेट्रोलच्या काट्यावर ते ११.८ दिसते. बाष्प होताना इथेनॉल पेट्रोलच्या दुपटीहून अधिक उष्णता शोषते. त्यामुळे इंजिनात जाणारी हवा थंड होते आणि ठोका, म्हणजे नॉकिंग, कमी होते. रेसिंगवाल्यांना इथेनॉल आवडते ते यासाठी. मात्र परदेशी ट्यूनरच्या तक्त्यातला ई-८५ साठीचा ‘७.८’ हा आकडा पाहून पेट्रोलचा काटा तिथे आणायला गेलेल्याची गाडी पेट्रोलने बुडून बंद पडेल. ते ७.८ म्हणजे पेट्रोलच्या मोजपट्टीवर ११.८ च.

काटा चुकीचेही सांगतो, आणि गडचिरोलीतल्या एटापल्ली-भामरागडकडच्या रस्त्यांवर चुकण्याची कारणे भरपूर मिळतात. खड्ड्यांनी मॅनिफोल्डचे गॅस्केट फुटले किंवा सेन्सरच्या आधी पाइपला चीर गेली, की बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला जास्तीचा ऑक्सिजन दिसतो आणि काटा लीनकडे पळतो, इंजिन ठणठणीत असले तरी. दुसरा सापळा मिसिंगचा. एखाद्या सिलिंडरात ठिणगीच पडली नाही, तर तिथला सगळा ऑक्सिजन न जळता बाहेर पडतो आणि सेन्सर पुन्हा ‘लीन’ म्हणतो. प्लग इंधनाने भिजलेला असतो, मिश्रण रिच असते आणि काटा नेमका उलटे सांगतो. अशा वेळी आधी प्लग उघडून पाहावा.

ऋतूंचाही हिशेब ठेवावा लागतो. चंद्रपूर-ब्रह्मपुरीचा मे महिना ४५ अंशांच्या पुढे सहज जातो. तेव्हा जुन्या गाड्यांत इंजिनाजवळच्या पाइपात इंधनाची वाफ होऊन पुरवठा तुटतो आणि काटा लीनच्या टोकाला जाऊन गाडी बंद पडते. इंधनात दोष नसला तरी हे होते. पावसाळ्याचे वेगळे. १ जुलै ते ३० सप्टेंबर ताडोब्याचा कोअर भाग बंद असतो. ज्या गाड्यांना बफरमध्ये काम मिळत नाही त्या उभ्या राहतात. इथेनॉल पाणी धरते. टाकीत पाणी थोडे शिरले तर ते इंधनात विरघळून जाते, पण प्रमाणाबाहेर गेले की इथेनॉल आणि पाणी मिळून तळाशी वेगळा थर बनतो. पंप तळातूनच ओढतो. ऑक्टोबरात अशी गाडी सुरू केली तर काटा आधी लीनकडे जातो, इंजिन आचके देते. पुढे वरचे इथेनॉल निघून गेलेले पेट्रोल आले की तो उलट दिशेला जातो. मीटर बिघडला म्हणून तो बदलण्याआधी टाकी रिकामी करून पाहावी.

डिझेलवाल्यांनी मात्र या सगळ्यात पडायचे कारण नाही. डिझेल इंजिन लॅम्डा एकवर चालतच नाही, हवा नेहमीच जास्त असते. तरीही इथेनॉलवर चालणाऱ्या डिझेल-पद्धतीच्या बस विदर्भाने पाहिल्या आहेत. नागपुरात ऑगस्ट २०१४ मध्ये स्कॅनिया कंपनीची हिरवी बस धावू लागली. तिचे इंधन ९५ टक्के इथेनॉल आणि बाकी पेट घ्यायला मदत करणारी रसायने. इथेनॉल दाबाने पेटावे म्हणून या इंजिनाचे कॉम्प्रेशन २८ ला १ इतके चढवलेले असते. प्रयोग पुढे वाढवला गेला आणि २०१८ मध्ये कंपनीने त्यातून अंग काढून घेतले. नागपूरकरांना ती बस अजून आठवते, पण मीटरच्या गोष्टीत तिला जागा नाही.

ऑक्सिजन सेन्सरची खरी करामत ब्राझीलने दाखवली. तिथे १९७५ मध्ये अल्कोहोलचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि १९७९ मध्ये फक्त इथेनॉलवर चालणारी फियाट १४७ आली. शुद्ध इथेनॉलचा फ्लॅश पॉइंट सुमारे १३ अंश. त्याहून थंड हवेत ते पेटण्याइतकी वाफ देत नाही. म्हणून या गाड्यांत सकाळी सुरू करण्यापुरत्या पेट्रोलची एक छोटी वेगळी टाकी असे. २००३ मध्ये फोक्सवॅगनची गोल ‘टोटल फ्लेक्स’ आली आणि ग्राहकाला पंपावर कोणतेही इंधन कोणत्याही प्रमाणात भरायची मुभा मिळाली. टाकीत इथेनॉल किती, हे गाडीला कसे कळायचे? अमेरिकेत त्यासाठी इंधनाच्या पाइपात वेगळा सेन्सर बसवत. ब्राझीलच्या अभियंत्यांनी तो खर्च वाचवला. टाकी भरल्यानंतर ऑक्सिजन सेन्सरला हिशेब जुळवायला किती इंधन वाढवावे लागले, त्यावरून सॉफ्टवेअर इथेनॉलचे प्रमाण ओळखू लागले. स्कॅनरवर आपण जे ट्रिम वाचतो, तेच तिथे गाडी स्वतः वाचते.

आपल्याकडे ऑगस्ट २०२३ मध्ये दिल्लीत नितीन गडकरी यांच्या हस्ते फ्लेक्स-फ्युएल इनोव्हा हायक्रॉसचा नमुना पुढे आला, तर मार्च २०२४ मध्ये महाराष्ट्रासह पाच राज्यांतल्या निवडक पंपांवर ‘इथेनॉल १००’ विकायला सुरुवात झाली. साध्या गाडीत ते भरायचे नसते. लॅम्डा एकवर आणायला शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत साठ टक्क्यांहून अधिक इंधन लागते आणि साध्या गाडीचा कॉम्प्युटर तेवढे ताणू शकत नाही.

पंपावरच्या पेट्रोलमध्ये नक्की किती इथेनॉल आहे, हे पाहायला मीटर लागत नाही. मापाच्या खुणा असलेल्या काचेच्या नळीत १०० मिलिलिटर पेट्रोल आणि २० मिलिलिटर पाणी घालून झाकण लावून हलवावे आणि थोडा वेळ ठेवावे. इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्यात जाते. तळचा थर २० वरून ४० च्या आसपास वाढला, तर ते ई-२०. हे आगीपासून दूर, उघड्या हवेत करायचे, आणि नळीतले पेट्रोल पुन्हा टाकीत ओतायचे नाही. थर ३० पाशीच थांबला तर ते ई-१०. तशा पेट्रोलवर, शुद्ध पेट्रोलसाठी बनलेल्या गाडीत, स्कॅनर अधिक आठ-नऊ टक्के ट्रिम दाखवत असेल, तर निम्म्या फरकाचे कारण मेकॅनिकने इंजिनात शोधावे.